जुनी मोटारसायकल घेताना, आणि वाटेत पंक्चर झाली तर

सोयाबीनचा पैसा हातात आला की आमच्या इस्लापूर भागात दोन वस्तूंचा खप वाढतो, कापडाचा आणि मोटारसायकलचा. कापड आमच्या दुकानात विकले जाते म्हणून त्याची पारख आम्हास आहे. मोटारसायकलची पारख मात्र आम्ही नुकसान सोसून शिकलो. गेल्या वर्षभरात आमच्या ओळखीतल्या चार तरुणांनी फेरीच्या धंद्यासाठी जुन्या गाड्या घेतल्या. त्यांपैकी दोघांच्या गाड्या आज दारात उभ्या आहेत, एकाची कागदापायी आणि दुसऱ्याची इंजिनापायी. भांडवल अडकले आणि धंदाही बंद पडला. म्हणून या वेळी हा विषय घेत आहोत.

किनवट, हिमायतनगर, बोधडी, शिवणी, जलधारा अशा गावांना माल नेणारा मनुष्य एस.टी.वर विसंबून राहिला तर बाजार अर्धा होऊन जातो. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेलाइन आहे, पण रेल्वे आपल्या वेळेने येते, बाजाराच्या वेळेने नाही. आमच्या वडिलांनी सायकलवर गाठोडे बांधून फेरी केली. नंतर लुना आली. १९८५ साली हिरो होंडाची सी.डी. १०० बाजारात आली, त्याच वर्षी आमच्या मराठवाड्यातच वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि १९९४ साली स्प्लेंडर आली. तेव्हापासून खेड्यातल्या छोट्या व्यापाऱ्याचे दुकान मोटारसायकलच्या मागच्या सीटवर चालते असे म्हटले तरी चालेल. नवी गाडी हप्त्याने मिळते, पण हप्ता म्हटला की व्याज आले. ते नको म्हणून आपल्यातले पुष्कळ लोक रोखीने जुनी गाडी घेतात. विचार चांगला आहे. पण व्याज टाळण्यासाठी घेतलेली गाडी दुसऱ्याच्या कर्जात अडकलेली निघाली तर काय होते, ते आमच्याच अनुभवावरून सांगतो.

१९९९ साली आम्ही नांदेडला एका व्यापाऱ्याकडून सी.डी. १०० घेतली. गाडी पुसूनपासून चकचकीत केलेली होती. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झालेले. हिशेब तोंडी येतो, मराठी पुढे बाजारात बसून शिकलो, पण इंग्रजीत छापलेले आर.सी. बुक वाचायची सवय नव्हती. नंबर तेवढा जुळवून पाहिला आणि रक्कम मोजून दिली. पाच महिन्यांनी एका फायनान्स कंपनीची माणसे दारात आली. बुकाच्या आतल्या पानावर त्या कंपनीचा बोजा लिहिलेला होता आणि पहिल्या मालकाने हप्ते थकविले होते. विकणाऱ्याकडे गेलो तर तो म्हणाला, 'सेठ, बुक तुमच्या हातात दिले होते, वाचायला कोणी अडविले होते?' बोलणे कडू होते, पण त्यात खोटे काही नव्हते. थकलेली रक्कम आम्हीच भरली. दोन ईदचा नफा त्यात गेला.

तेव्हापासून आमचा नियम असा, की गाडी पाहण्याच्या आधी कागद पाहायचा. गाडी आधी पाहिली की मन तिच्यावर बसते आणि मग कागदातला ऐब डोळ्यांना दिसत नाही.

कागद

आता बुकाच्या जागी कार्ड आले आहे, आणि परिवहन खात्याच्या ॲपवर व संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, पीयूसी आणि कर्जाचा बोजा अशी बरीच माहिती मिळते. मालकाचे नाव पूर्ण दिसत नाही, काही अक्षरे झाकलेली असतात. तेवढ्यासाठी मूळ आर.सी. हातात घ्यावी. इंग्रजी येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलीकडून वाचून घ्यावे. यात लाज कसली? ई-चलानही त्याच वेळी पाहावे. थकलेला दंड गाडीच्या नंबरावर असतो. विकणारा निघून जातो आणि दंड नव्या मालकाच्या मागे लागतो.

बोजा असेल तर बँकेचा किंवा कंपनीचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन तो आर.टी.ओ.मध्ये उतरवावा लागतो. 'कर्ज फिटले आहे, फक्त कागद राहिला आहे,' असे कोणी म्हणाला तर त्याला नम्रपणे सांगावे की कागद आणा, मग बयाणा देतो.

चेसिस नंबर हँडलच्या मानेजवळ चौकटीवर कोरलेला असतो आणि इंजिन नंबर इंजिनच्या खोक्यावर खालच्या अंगाला. दोन्ही आर.सी.शी एकेक अक्षर जुळवावेत. माती, ग्रीस असेल तर चिंधीने पुसावे. अक्षरे खरवडलेली, वेडीवाकडी किंवा नव्याने ठोकलेली वाटली तर भाव कितीही कमी असो, तेथून उठून यावे. चोरीची गाडी घेणाऱ्याला 'मला ठाऊक नव्हते' हे पोलीस ठाण्यात सिद्ध करीत बसावे लागते.

आपण सीमेवरची माणसे. आदिलाबाद, निर्मल, निजामाबादकडच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात येतात. आदिलाबादच्या गाडीचा नंबर एपी-०१ असतो, तेलंगण २०१४ साली वेगळे झाल्यावरच्या तिथल्या गाड्यांवर टीएस-०१, आणि २०२४ पासूनच्या नव्या गाड्यांवर टीजी. स्वस्त का, हे विचारावे. दुसऱ्या राज्याची गाडी आपल्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची तर कायद्याने येथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, लागतो आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. हा सगळा खर्च आणि फेऱ्या मिळविल्या तर एमएच-२६ची गाडी दोन-चार हजार जास्त देऊनही स्वस्त पडते. ज्या तरुणाची गाडी कागदापायी उभी आहे असे वर म्हटले, त्याची गोष्ट हीच आहे. दाखला मिळवून देतो म्हणणारा दलाल आता फोन उचलत नाही.

गाडीचे वय हीही कागदाचीच बाब आहे. खासगी मोटारसायकलची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून, फी आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढविता येते. चौदाव्या वर्षाची गाडी घेणाऱ्याने हा खर्च आजच धरावा. २०१९च्या एप्रिलपूर्वीच्या गाड्यांनाही आता महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची केलेली आहे. ती बसविली आहे की नाही तेही पाहावे.

मालक वारला असेल आणि त्याचा भाऊ किंवा मुलगा गाडी विकत असेल तर आधी गाडी वारसाच्या नावावर व्हावी लागते, त्याचा फॉर्म ३१ आहे. 'अब्बाच्या सह्या करून ठेवलेले फॉर्म आहेत' हे उत्तर ऐकून घेऊ नये. मेलेल्या माणसाच्या सहीवर झालेला सौदा वारसांपैकी कोणीही उद्या उलटवू शकतो.

विकणाऱ्यानेही ऐकावे

आतापर्यंत घेणाऱ्याचे सांगितले. विकणाऱ्याची जोखीम त्याहून मोठी आहे आणि तिच्याकडे आपले लोक अजिबात लक्ष देत नाहीत. आमच्या नात्यातल्या एकाने गाडी विकली, पैसे घेतले, कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या आणि विसरून गेला. गाडी पुढे दोन हात फिरली. तिसऱ्या मालकाने एका म्हाताऱ्या माणसाला धडक दिली. विमा संपलेला होता. न्यायाधिकरणाची नोटीस आली ती आमच्या नातेवाइकाच्या नावाने, कारण नोंद त्याचीच होती. विकून तीन वर्षे झालेल्या गाडीसाठी त्याला वकील करावा लागला आणि मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम हळूहळू त्या कामात गेली.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या फेब्रुवारीत नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितले आहे. त्यातली मोटार एकामागून एक हातांत गेली होती, पण नोंद पहिल्याच्याच नावावर राहिली. ज्याच्या नावावर नोंद, तो कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघातग्रस्ताला भरपाई देण्याची जबाबदारीही त्याचीच, असा निकाल झाला. अपघातात सापडलेल्या गरिबाने खरा मालक कोण ते गावोगाव शोधत फिरू नये, हा त्यामागचा विचार आहे, आणि तो आम्हास योग्य वाटतो.

मोटार वाहन कायदा १९८८चे कलम ५० यासाठी मुदत देते. गाडी त्याच राज्यातली असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे, घेणाऱ्याने तीस दिवसांत. फॉर्म २९ म्हणजे विकल्याची सूचना, फॉर्म ३० म्हणजे नावावर करण्याचा अर्ज. विमाही आपल्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. नांदेडची फेरी चुकवायची असेल तर तालुक्याच्या ठिकाणी आर.टी.ओ.चा कॅम्प लागतो तेव्हा चौकशी करावी, आणि जमल्यास दोघांनी मिळून जावे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला विकत असाल तर तो नोंदणीकृत आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत अशा व्यापाऱ्याला अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना ऑनलाइन द्यायची सोय आहे. त्यानंतर ती गाडी विकली जाईपर्यंत जबाबदारी त्याच्यावर राहते.

याशिवाय साध्या कागदावर सौद्याची चिठ्ठी करावी. गाडीचा नंबर, रक्कम, तारीख, आणि ताबा किती वाजता दिला ती वेळ, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. वेळ कशासाठी, असे पुष्कळ जण विचारतात. सकाळी अपघात झाला आणि दुपारी गाडी दिली, की दुपारी दिली आणि संध्याकाळी अपघात झाला, यावर सगळे प्रकरण फिरते. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार करावेत, हे आपल्याला कुराणानेच शिकविले आहे. लिहायला सांगितले म्हणून समोरच्याने राग मानण्याचे कारण नाही.

इस्लामी फिकहमध्ये लपविलेल्या ऐबासाठी माल परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा वर काढून दाखविल्याची हदीस तर आपण सर्वांनी ऐकलेली आहे. देशाचा १९३०चा माल विक्री कायदा मात्र सर्वसाधारणपणे घेणाऱ्यालाच सांगतो, की पाहून घे. आम्ही दोन्ही बाजूंनी बसलेलो आहोत. विकताना पहिला नियम पाळावा आणि घेताना दुसरा ध्यानात ठेवावा, असे आमचे मत आहे.

गाडी

कापडाचे थान आम्ही वरची घडी पाहून घेत नाही. मधून उलगडतो, काठ पाहतो, उजेडाकडे धरतो. गाडीचेही तसेच आहे. पाहायला सकाळी जावे आणि न कळविता जावे. इंजिन थंड असताना सुरू होते का, हे पाहायचे असते. हात लावून इंजिन गरम लागले तर विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवले आहे असे समजावे, आणि चहा घेऊन अर्धा-पाऊण तास बसावे.

सुरू झाल्यावर सायलेन्सरकडे पाहावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. पिस्टन रिंग किंवा वॉल सील गेलेले असते आणि हे काम मोठ्या खर्चाचे आहे. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचा, तो सेटिंगने किंवा थोड्या खर्चाने बरा होतो. थंडीच्या सकाळी सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते, तिला घाबरू नये. ऑइलची काडी काढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. सहस्रकुंडाच्या बाजूला पैनगंगेच्या काठावरच्या गावांतल्या गाड्यांच्या बाबतीत हे जरूर पाहावे, पुरात बुडालेली गाडी वरून धुवून विकायला येते.

मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नये, ते मागे फिरविता येतात. पायाखालचे रबर, ब्रेकचे पेडल, हँडलची मूठ मात्र खोटे बोलत नाहीत. मीटर वीस हजार दाखवितो आणि पेडल झिजून चमकते, तर पेडलचे खरे मानावे.

गाडी कोणी वापरली हे विचारणे फार महत्त्वाचे. मास्तरने शाळेपर्यंत वापरलेली दहा वर्षांची गाडी दूधवाल्याच्या चार वर्षांच्या गाडीपेक्षा चांगली असते. दुधाचे कॅन वाहिलेल्या गाडीचे मागचे शॉकअप बसलेले, स्पोक ढिले आणि कॅरिअरजवळची चौकट कधी वेल्डिंग केलेली सापडते. आम्ही कापडवालेही त्यातलेच; फेरीवाल्याची गाडी फेरीवाल्याने घेताना जपूनच घ्यावी. मेन स्टँडवर लावून मागचे चाक दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे हलवावे. खटखट झाली तर बुश किंवा बेअरिंग गेलेले. चाक फिरवून रिम लंगडते का पाहावे. चेन मागच्या चाकरीवर बोटाने ओढावी. दातापासून पुष्कळ सुटून आली, किंवा दात वाकून आकड्यासारखे झाले, तर चेन-स्प्रॉकेटचा सेट बदलावा लागेल. पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओला पट्टा, हँडल सरळ धरले असता चाक तिरके, लिव्हरची टोके घासलेली, ही पडलेल्या गाडीची लक्षणे आहेत.

२०२०च्या एप्रिलपासून बी.एस.-६ नियम आले आणि स्प्लेंडरसारख्या गाडीतला कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. ती गाडी चांगली आहे, पण बिघडली तर संगणकाचे यंत्र असलेला मिस्त्री लागतो. ज्याची फेरी आडवाटेच्या तांड्यांवर आहे त्याला त्यापूर्वीची कार्बोरेटरची गाडी आम्ही सुचवितो. हे आमचे मत आहे, मिस्त्री लोकांत यावर वाद आहे.

भाव ठरविताना गाडीची किंमत वेगळी आणि रस्त्यावर आणण्याची किंमत वेगळी धरावी. समजा तीस हजारांना गाडी सांगितली. दोन टायर, चेन सेट, बॅटरी, विमा आणि नावावर करण्याचा खर्च मिळून आठ हजार होत असतील, तर ती गाडी अडतीस हजारांची आहे. शेजारची पस्तीस हजारांची, चांगल्या टायरांची आणि चालू विम्याची गाडी मग स्वस्त ठरते. ओळखीच्या मिस्त्रीला त्याची एका दिवसाची मजुरी देऊन बरोबर न्यावे. फुकट नेले तर तो संकोचाने खरे बोलत नाही. आपल्या कारागिरांना फुकट राबविण्याची जी खोड आपल्याला आहे, तिच्यावर कधी तरी वेगळे लिहू.

टायर आणि पंक्चर

टायर पाहताना नक्षी सगळे पाहतात, तारीख कोणी पाहत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ २३१९. म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक असली तरी बाजूला बारीक भेगा पडलेला जुना टायर ओझ्याखाली फुटतो. कधी कधी विकण्यापुरता काळा रंग लावलेला असतो. नखाने खरवडून पाहावे.

आपल्या भागात पंक्चर हा अपघात नसून रोजचा कर आहे. बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा तर आहेच. तूर आणि पऱ्हाटी काढल्यावर राहणारे सड काट्यापेक्षा वाईट, कारण ते तिरके कापलेले आणि वाळलेले असतात. पांदीतून जाताना ते टायरच्या बाजूच्या नरम भागात घुसतात. पावसाळ्यात पंक्चर जास्त होतात याचेही कारण आहे. ओल्या रबरातून टोकदार वस्तू सहज आत सरकते. पण आमच्या हिशेबाने निम्मा दोष हवेचा आहे. ट्यूब काढल्यावर शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा दिसल्या तर काट्याचा शोध घेऊ नये. हवा कमी, ओझे जास्त, आणि खड्ड्यात चाक आपटून ट्यूब रिमवर चिमटली, असा तो प्रकार असतो. शंभर सी.सी.च्या गाडीला पुढे साधारण २५ आणि एकट्याला मागे २८च्या आसपास हवा लागते, मागे माणूस किंवा गाठोडे असेल तर बरीच जास्त. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा चिकटविलेल्या पट्टीवर असतो. आठवड्याला एकदा, टायर थंड असताना, हवा पाहावी.

२०११ साली रमजान ऑगस्टात आला होता. ईदला चार दिवस राहिले असताना आम्ही नांदेडहून तयार ड्रेसचे दोन गठ्ठे घेऊन निघालो. भोकरच्या पुढे मागचे चाक बसले. उतरून ढकलायला हवे होते. पण मगरिबला तासच राहिला होता आणि हिमायतनगर गाठायचे होते, म्हणून आम्ही तसेच बसून, ओझ्यासकट, तीन-साडेतीन किलोमीटर गाडी रेटली. पंक्चरच्या दुकानापाशी पोहोचलो तेव्हा ट्यूबच्या चिंध्या झाल्या होत्या, वॉल मुळापासून उखडला होता आणि रिमला चपटा पडला होता. मिस्त्रीने रोजा सोडायला खजूर दिला, पाणी दिले, मग कंदिलात पाहून म्हणाला, 'सेठ, काटा दोन पैशांचा होता, तुम्ही त्याचे हजार केले.' त्याच्याकडे त्या मापाची ट्यूब नव्हती. दुसऱ्या दिवशीचा बाजार गेला आणि ईदनंतर ते ड्रेस आम्ही खरेदीच्या भावाने काढले.

म्हणून पहिली गोष्ट, हवा गेल्याचे कळताच पुढचा ब्रेक जोरात न दाबता, हँडल घट्ट धरून, हळू करीत गाडी कडेला घ्यावी, आणि ओझे उतरवावे. खाली बसून वॉलच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावावा. बुडबुडा आला तर ट्यूब चांगली आहे, वॉलची पिन ढिली आहे. ती आवळली की काम झाले. नाही तर चाक हळूहळू फिरवून काटा शोधावा आणि सापडल्यास त्या जागी खडूने किंवा मातीने खूण करावी. जागा कळली की ट्यूबवरचे भोक शोधणे सोपे होते.

नुसते पॅच मारायचे असेल तर चाक काढावे लागत नाही. हवा पूर्ण सोडून वॉलचा नट काढावा. टायरची कड दोन्ही बाजूंनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलावी, म्हणजे लिव्हरने उचलायला जागा होते. ही युक्ती ज्याला माहीत नाही तो जोर करून ट्यूबला लिव्हरनेच दुसरे भोक पाडतो. एका बाजूची कड बाहेर काढून ट्यूब ओढून घ्यावी. थोडी हवा भरून पाण्यात धरावी. पाणी नसेल तर गालाजवळ फिरवावी, हवा लागते.

भोकाभोवतीची जागा खरकागदाने खरखरीत करावी, रबर मळकट काळे दिसेपर्यंत. धूळ झाडावी आणि बोट लावू नये. सोल्युशन पातळ पसरवावे आणि थांबावे. सगळ्यांची चूक येथेच होते. ओल्या सोल्युशनवर पॅच चिकटत नाही, सरकतो. बोटाच्या मागच्या बाजूला चिकटेनासे झाले की पॅच ठेवून मधून कडेकडे दाबावा. दुकानात गरम पॅच मारतात त्यात उष्णतेने रबर रबराशी एकजीव होते. ही विद्या चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली शोधली, आणि हवेचा टायर बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने १८८७ साली आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी बनविला. पंक्चरवाला हा शब्द हिणविण्यासाठी वापरणाऱ्यांना हे ठाऊक नसते. त्यांचेही चाक बसले की ते त्याच्याच दारी उभे राहतात. असो.

पॅच झाला म्हणून लगेच ट्यूब आत कोंबू नये. टायरच्या आतून चिंधी फिरवावी, उघडे बोट नव्हे. काट्याचे टोक आत मोडून राहिले असेल तर चिंधी अडकते. ते टोक राहिले तर नवी ट्यूबही चार किलोमीटरच चालते. भोक रिमच्या बाजूला असेल तर काटा दोषी नाही. रिमची पट्टी सरकून स्पोकचे टोक टोचते आहे, ते पाहावे. वॉलच्या मुळाशी फाटलेली ट्यूब पॅचने टिकत नाही, ती टाकून द्यावी. एकाच ट्यूबला चार-पाच पॅच झाले की आम्ही बदलतो. बसविताना थोडी हवा भरून, पीळ काढून ट्यूब आत घालावी, वॉल सरळ ठेवावा आणि टायरची कड शेवटी वॉलपाशी बसवावी. तेथे वॉल जरा आत ढकलून सोडला म्हणजे ट्यूब कडेखाली दबत नाही.

ट्यूबलेस टायर नव्या ॲलॉय चाकांत येतात. त्यात खिळा घुसला तरी हवा हळू जाते. खिळा उपटू नये, तसेच दुकानापर्यंत जावे. तेथे सुव्याने भोक साफ करून चिकट बत्ती ओढून बसवितात, दहा मिनिटांचे काम आहे. पण बाजूच्या भिंतीला पडलेल्या भोकात बत्ती भरवशाची नाही. तुरीच्या सडाने केलेले पंक्चर बहुधा तेथेच असते, तेव्हा टायर बदलावा किंवा तात्पुरती ट्यूब टाकून घ्यावी.

दुकानात काम करून घेताना ट्यूब पाण्याच्या टोपल्यात घातली की स्वतः पाहावे आणि बुडबुडे मोजावेत. एका भोकाची चार करणारे हायवेवर काही जण भेटतात. आपल्या ओळखीच्या मिस्त्रीने मोजून दाखविले तर त्याला बरेच वाटते.

फेरीला जाणाऱ्याने सीटखाली किंवा डिकीत दोन लिव्हर, छोटा पंप, पॅच, खरकागद, सोल्युशन, चिंधी, आसाच्या नटाला बसणारा पाना आणि एक नवी ट्यूब ठेवावी. ट्यूब घेताना माप पाहावे. स्प्लेंडरचे चाक १८ इंची आहे, प्लॅटिना आणि सी.टी. १००चे १७ इंची. घाईत मोठी ट्यूब लहान टायरात घातली तर तिला घडी पडते आणि ती त्या घडीवरच फाटते. ट्यूब पाना-लिव्हरसोबत उघडी ठेवू नये, घासून तिला डब्यातच भोक पडते. जुन्या कापडात गुंडाळावी. सोल्युशनची नळी एकदा फोडली की काही महिन्यांत आतल्या आत वाळते. लहानात लहान नळी घ्यावी आणि पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी नवी ठेवावी.